आठ पिल्लं

शेवंताबाईंनी पिंजऱ्यातला भुसा हलक्या हातानं बाजूला केला आणि खाली गुलाबी पिल्लं वळवळताना दिसली. आठ होती. प्रयोगशाळेतल्या उंदरांची देखभाल करण्यात त्यांची अकरा वर्षं गेली होती, पण गर्भ न टिकणाऱ्या या जातीच्या उंदरिणीला एवढी पिल्लं झालेली त्यांनी पाहिली नव्हती. हिचे तर मागचे बरेचसे गर्भ पोटातच जिरून गेले होते.

"मूलपेशींची सुई लागू पडलेली दिसतेय," प्रयोग करणाऱ्या केळुसकर मॅडम म्हणाल्या. "हिचं शरीर आपल्याच गर्भाला परकं समजून त्याच्यावर तुटून पडत होतं. त्या पेशींनी ते शांत केलं."

"म्हणजे तिची काही चूक नव्हती?"

"तिची कसली चूक?"

शेवंताबाईंनी भुसा पुन्हा पिल्लांवर सारला. त्यांच्या लेकीचा, रेश्माचा, तिसरा गर्भही टिकला नाही, तेव्हा त्या तिला नको ते बोलल्या होत्या. तेव्हापासून वर्षभर रेश्मानं माहेरी पाऊल टाकलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी फोन लावला, पिल्लांचं सांगितलं. "बायकांना ही सुई मिळायला अजून बरीच वर्षं लागतील म्हणे. पण मी तुला स्कूटर चालवलीस म्हणून दोष दिला ना, ते माझं चुकलं. तुझ्या हातून काही झालं नव्हतं, बाळा."

रेश्मा म्हणाली, "आई, डॉक्टरांनी नव्या तपासण्या सांगितल्यात. मला एकटीला भीती वाटते. सोबत येशील?"

"कधी जायचं, तेवढं सांग," म्हणत शेवंताबाई डबा न उघडताच रजेचा अर्ज मागायला ऑफिसकडे निघाल्या.