श्रावणातली शिराज

"थुंकायची?" सहकुटुंब वायनरी बघायला आलेल्या गर्गेंनी पुन्हा विचारलं.

"हो काका. जाणकार वाईन गिळत नाहीत," त्यांच्यापुढे पितळी भांडं सरकवत गाईड मुलगी म्हणाली. "तोंडात घोळवायची, चव घ्यायची आणि यात सोडायची."

गर्गेंचा चेहरा उजळला. श्रावणात दारूला शिवायचं नाही, हे व्रत त्यांनी नोकरीला लागल्यापासून पाळलं होतं. निदान गावभर सांगितलं तरी होतं. पण जे पोटात गेलंच नाही, त्यानं व्रत मोडेल कसं? दिंडोरीच्या उतारावरची तांबडी शिराज त्यांनी तीर्थासारखी भक्तिभावानं घेतली आणि चूळ भरावी तशी खळखळवली. "पिकलेलं जांभूळ. मागून काळी मिरी," असं जाहीर करून हळहळत थुंकली.

मग गाईडनं लाकडी पिंपात दोन वर्षं मुरलेली खास बाटली उघडली. "हिचा खरा स्वभाव मात्र घशाखाली उतरल्यावरच कळतो."

गर्गेंनी घोट गालात धरला. घसा एकीकडे ओढत होता, श्रावण दुसरीकडे. अखेर डोळे मिटून त्यांनी तो भांड्यात सोडला आणि कौतुकाच्या अपेक्षेनं बायकोकडे पाहिलं. सकाळपासून निव्वळ भगरीवर असलेल्या सुनंदाबाईंनी आपला ग्लास शांतपणे तळापर्यंत रिकामा केला होता.

"अगं, आज श्रावणी सोमवार. तुझा कडक उपास," गर्गे कुजबुजले.

"ठाऊक आहे की," पदरानं ओठ टिपत त्या म्हणाल्या. "द्राक्षं चालतात."