लाल ज्वारी

जनावरांच्या डॉक्टरांनी कोंबडीच्या छातीचं हाड चाचपलं आणि विचारलं, "काका, खायला काय घालता?"

"घरचीच लाल ज्वारी. पोटभर घालतो," भिवबा म्हणाला.

या सात कोंबड्या बायकोच्या. ती गेल्यापासून मुंगसाच्या भीतीनं त्यानं त्यांना जाळीबाहेर सोडलं नव्हतं. तिच्या मागे एकही दगावू द्यायची नाही, असं ठरवलं होतं. पण दोन महिन्यांपासून अंडी बंद होती आणि काल आठवी मेली होती.

"लालच का पेरलीत?"

"पाखरं राखायला ती नाही आता. या लाल ज्वारीला पाखरं तोंड लावत नाहीत."

डॉक्टर हसले. "मग या कोंबड्या काय म्हशी आहेत? काका, त्या दाण्यात टॅनिन असतं. तुरट. खाल्लेलं अंगी लागू देत नाही. पांढरी ज्वारी घाला, मका घाला. जगतील."

डॉक्टर गेल्यावर भिवबानं पहिल्यांदाच ते दाणे चावून पाहिले. तोंड आवळलं, जीभ कोरडी पडली. जाळीतली एक कोंबडी मान वाकडी करून त्याच्याकडे बघत होती.

"मुकाट्यानं हे खात राहिलीस होय? सांगायचं तरी गं," तो तिला म्हणाला.

दवाखान्यात बायकोच्या पोटातली गाठ कळली, तेव्हा तो तिलाही हेच म्हणाला होता.

तिनं "कोंबड्यांना दाणे टाकलेत का?" एवढंच विचारलं होतं.