सातवा प्रिंट

तळेगावच्या फ्लॅटमध्ये उझमाला कचऱ्याच्या डब्यात एकाच बाईच्या फोटोचे सहा प्रिंट सापडले. चेहऱ्यावरून पांढऱ्या रेघा गेल्या होत्या, त्यामुळे ओळख पटेना.

"कोण आहे ही?" तिने नवऱ्याला विचारलं.

"कुणी नाही गं, प्रिंटर तपासत होतो," याह्या नजर चुकवत म्हणाला.

संध्याकाळी दार लोटून घेऊन त्याने प्रिंटरचं हेड साफ केलं आणि सातवा प्रिंट काढला. उझमाने आत जाऊन तो हिसकावूनच घेतला. या वेळी एकही रेघ नव्हती.

"लोहगडवाडीत एका स्टॉलवर दिसली," याह्या हळूच म्हणाला. "आधी तुझ्या अम्मींना दाखवून खात्री करणार होतो, मग तुला सांगणार होतो."



फोटोत भजी तळत उभी होती तिची धाकटी बहीण शमीम, नऊ वर्षांपूर्वी घरातून निघून गेलेली.