मामांच्या हातातला डाव

ओव्हिडमामा नगराध्यक्षपदाची निवडणूक हरले. हरलेल्यानं बाजूला व्हायचं असतं; आमच्या लुईझियानातल्या गावात मात्र तसं घडलंच नाही. निकालानंतर नगराध्यक्षानं सगळ्यांना कोळंबीचा दाट रस्सा, गंबो, वाढायचा असतो, आणि डाव अजून मामांच्याच हातात होता. “पपा, आता मी वाढते,” नवी नगराध्यक्ष म्हणाली. ती त्यांचीच लेक, ओडील. मेलेल्यांची मतं मिळवल्याबद्दल मामा तुरुंगात जाऊन आले, तरी निवडून येतच राहिले. यंदा लेक विरोधात उभी राहिली तेव्हा मामाच दारोदार फिरले: “पोरीला शून्य पडलं तर रडेल हो! एक मत तिला द्या.” प्रत्येकाकडे एकच मत होतं, आणि मामांचा शब्द गावानं कधी मोडला नव्हता. “अगं, कबरीतल्यांनीसुद्धा तुलाच मत दिलं!” मामा गहिवरले. तिची वाटी भरून ते रांगेतल्या निवडणूक अधिकाऱ्याला म्हणाले: “उमेदवारास एकच मत आवश्यक होते. उर्वरित मते माझ्याकडे वर्ग करावीत, ही विनंती.”