कानामागची जागा

"केतकीला चहात आलं चालायचं का रे?" शर्वाणीने मुद्दामच विचारलं.

"छे! वेलदोडा लागायचा," हेरंब लगेच म्हणाला.

"आणि मला?"

हेरंबचे डोळे दोन क्षण रिकामे झाले. मग तो म्हणाला, "तुला आलं."

ते दोन क्षण तिला डाचत. अपघातानंतर हेरंबच्या सगळ्या आठवणी शहरातल्या केंद्रात ठेवल्या होत्या; कानामागच्या चिपमध्ये त्यातल्या थोड्याच मावत. म्हणजे वारलेली पहिली बायको केतकी कानामागे, आणि मी तिकडे लांब? तिने तणतणत केंद्राला फोन लावला.

"मॅडम, जे बदलत नाही तेच आम्ही चिपमध्ये ठेवतो," तिथली मुलगी समजावू लागली. "तुमचं रोज काहीतरी नवं असतं. ते दरवेळी इथून ताजं आणावं लागतं."

"मला काही सांगू नका. मलाही चिपमध्ये ठेवा आणि माझ्याबद्दल तुमच्याकडे विचारणं बंद करा."

त्या दिवसापासून शर्वाणीबद्दल काहीही विचारलं तरी हेरंब चटकन उत्तर देऊ लागला. ती अगदी फुलून गेली.

श्रावणात तिची आई गेली. दिवसकार्य होईपर्यंत हेरंब तिच्या सोबतच होता. परतल्यावर सकाळी चहा ओतताना तो हसून म्हणाला, "आईंना फोन केलास का? वाट बघत असतील."

चिपमध्ये तिची आई अजून होती. सेटिंग पूर्ववत करायला एक फोन पुरला असता. पण मग ते दोन क्षणही परत आले असते, आणि केतकी पुन्हा पुढे गेली असती.

"केला," शर्वाणी म्हणाली. "तुझी चौकशी करत होती."