पाडव्याची ओवाळणी

"अगं, काय केलंस हे!" लक्ष्मीपूजनाला बसता बसता हे किंचाळले.

तबकात त्यांचं जुनं अमेरिकन सोन्याचं नाणं लखलखत होतं. देवाची भांडी घासतात तसं मी ते चिंच लावून काथ्यानं खसाखसा घासलं होतं.

माझ्या आईने दिलेल्या पाटल्या मला न विचारता मोडून यांनी ते घेतलं होतं. येईल त्या पाहुण्याला काचेच्या डबीतून दाखवत आणि ऐकवत, "दीडशे वर्षांपूर्वी टांकसाळीतून निघालं तसंच्या तसं आहे. एकदा घासलं की खलास, मग उरतं नुसतं सोनं." पोह्यांच्या बशा ठेवताना मी ते दर वेळी ऐकायची. मला मात्र डबीला हात लावायचीसुद्धा बंदी होती.

"अक्कल गहाण ठेवलीस का? आता कुठला संग्राहक याच्याकडे ढुंकून बघेल?"

मी नाण्यावर हळदकुंकू वाहिलं. "उद्या पाडवा आहे. मी ओवाळलं की तबकात ओवाळणी म्हणून हेच टाका," मी म्हणाले. "पाटल्या होतात याच्या. सोनाराला आधी विचारून आले, मगच घासलं."