खडकातली सळई

"इथे सही करा, बाई, आणि मोकळ्या व्हा." वीज कंपनीचे विभागीय व्यवस्थापक अनिबाल साहेब यांनी अहवाल जीपच्या बॉनेटवर पसरला.

दाल्वाने हात पाठीमागे बांधले. आकाशातल्या विजेमुळे तारांवर किती व्होल्टेज चढेल, याचा हिशेब कंपनीत तीच करायची. तिच्या सहीशिवाय तो अहवाल म्हणजे रद्दी होती. त्यात लिहिलं होतं, की वीज तारेवर पडलीच नाही, लांबच्या जातोबाच्या झाडावर पडली. एवढ्या अंतरावरून चढलेलं व्होल्टेज इन्सुलेटरने सहज सोसायला हवं होतं. तरीही तो फुटला आणि तार जळून तुटली, म्हणजे लाईनमन जुरांदिरने तो नीट बसवलाच नव्हता. सबब, त्याला कामावरून काढावं.

जुरांदिर समोरच उभा होता. खांबावर चढायचा त्याचा पट्टा साहेबांनी सकाळीच काढून घेऊन जीपमध्ये टाकला होता. मागे वाडीतली चीज करणारी माणसं जमली होती. वीज गेल्याने त्यांचं दूध नासलं होतं, पण जुरांदिरला कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं, आणि साहेबांना तेच जास्त झोंबत होतं. राजधानीहून आलेल्या तपासनीस मारिल्दाबाई दगडावर बसून चौकशीतला शब्दन् शब्द उतरवून घेत होत्या. नियमच होता तसा.

"मी सही करणार नाही," दाल्वा म्हणाली. "ओल्या जमिनीसाठी हा हिशेब बरोबर आहे. खडकावर व्होल्टेज कितीतरी वर जातं. वीज तारेला शिवलीसुद्धा नाही, तरी इन्सुलेटर जातो. आणि हा डोंगर अख्खा खडक आहे. फटींत ओली माती भरून, त्यात सळया रोवून मी स्वतः मोजलंय."

"ते तुमचं घरगुती मोजमाप. कंपनीकडे या डोंगराची रीतसर मोजणी आहे, चार सळया ठोकून, त्यांतून वीज सोडून केलेली. जमीन चांगली ओली आहे." साहेब जवळ आले. "की सरहद्दीवरच्या गोदामात बसून खिळे मोजायचेत तुम्हाला?"

दाल्वाला माहीत होतं, ही धमकी पोकळ नव्हती. तिच्या आधीचा इंजिनिअर अजून तिथेच खिळे मोजत होता. पण भीतीपेक्षा तिला संताप जास्त आला. तिने जीपमधून मोजणीची सळई काढली, हातोडा उचलला आणि दोन्ही वस्तू साहेबांपुढे धरल्या.

"मग ठोका. अगदी रीतसर. वीतभर जरी आत गेली, तरी सही करते. वर खिळेही मोजते."

वाडीतलं कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी कोट काढून ड्रायव्हरकडे दिला आणि घाव घातला. ठिणगी उडाली. त्यांनी जागा बदलली. सळई वाकली. दुसरी घेतली, ती उसळून त्यांच्या नडगीवर बसली. शर्ट पाठीला चिकटला.

"साहेब, कॉफी टाकू का?" एका म्हातारीने मायेने विचारलं. "वेळ लागेलसं दिसतंय."

आता सगळेच हसले. जुरांदिरसुद्धा.

साहेबांनी हातोडा भिरकावला आणि ड्रायव्हरकडून कोट ओढून घेतला. "बास झाला हा तमाशा. इथे कुणी सळई ठोकतं का? खाली ओढ्याकाठी चला. तिथे लोण्यात घुसावी तशी जाते. या डोंगराची मोजणी आम्ही कायम तिथेच करत आलोय."

हसणं थांबलं. मारिल्दाबाईंचं पेन तेवढं चालत राहिलं. वाक्य पुरं करून त्यांनी पूर्णविराम दिला आणि मान वर केली. साहेबांचा हात कोटाच्या बाहीत अर्धवट राहिला. जुरांदिर कुणाला न विचारता जीपपाशी गेला आणि त्याने आपला पट्टा उचलला.

दाल्वाने हात पुढे केला.

"पेन द्या, मारिल्दाबाई," ती म्हणाली. "या वाक्याखाली मी सही करते."